मोहाचे फूल आणि नावाचा हक्क : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात पेयाचे मूळस्थान व कायदा यांचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या पेयाला भूप्रदेशाचे नाव कायद्याने मिळते, तेव्हा ते नाव कोणी वापरावे, कोणत्या हद्दीत वापरावे आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडावा, याचा निर्णय शासनसंस्थेने केलेला असतो. इटलीच्या टस्कनी प्रांतातील 'कियांती' ही तांबडी वाइन या प्रकारच्या निर्णयाचे जगातील एक अत्यंत जुने उदाहरण मानली जाते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांतही एक पेय पिढ्यान्‌पिढ्या तेथील मातीशी, झाडाशी व माणसांशी जोडलेले होते. ते म्हणजे मोहाच्या फुलांची दारू. तिच्यासंबंधीही शासनाने हद्द आखून कायदा केला. मात्र त्या हद्दीचा हेतू नाव राखण्याचा नव्हता. या दोन हद्दींची तुलना करून, कायद्याने पेय आणि प्रदेश यांचे नाते कसे घडविले व कसे मोडले याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. मद्यपानाचे समर्थन अथवा निषेध हा येथील विषय नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. कारण आपल्याकडे दारूचा इतिहास बहुधा नीतीच्या अंगानेच लिहिला जातो आणि त्यात झाड, फूल व फूल वेचणारे हात दृष्टीआड होतात.

टस्कनीची हद्द

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन नगरांमधील टेकड्यांचा प्रदेश म्हणजे कियांती. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने २४ सप्टेंबर १७१६ रोजी एक फर्मान काढून कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वाल्दार्नो दी सोप्रा या चार प्रदेशांच्या सीमा निश्चित केल्या. या सीमांबाहेरची वाइन त्या नावाने विकण्यास मनाई करण्यात आली. त्या काळी टस्कनीची वाइन समुद्रमार्गे इंग्लंडसारख्या देशांत जात असे. भेसळ झाली की व्यापाराची पत जात असे. म्हणजे फर्मानामागे मातीवरील प्रेमापेक्षा निर्यातीची चिंता अधिक होती. पुढे इटलीचे पंतप्रधानपद भूषविलेले बॅरन बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये सानजोवेझे या द्राक्षाला प्रमुख स्थान देणारे मिश्रणाचे सूत्र सांगितले. १९२४ मध्ये राद्दा या गावी ३३ उत्पादकांनी नाव राखण्यासाठी संघ स्थापन केला आणि काळा कोंबडा हे त्याचे चिन्ह ठरले.

या कथेला दुसरी बाजू आहे. १९३२ च्या शासकीय निर्णयाने 'कियांती' हे नाव मूळ प्रदेशाच्या कितीतरी बाहेर पसरविण्यात आले आणि मूळ प्रदेशाला 'क्लासिको' असे वेगळे विशेषण लावून समाधान मानावे लागले. १९६३ च्या कायद्यानंतर १९६७ मध्ये कियांतीला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा आणि १९८४ मध्ये त्याहून वरचा, हमीसह नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला. १९९६ मध्ये क्लासिकोचे स्वतंत्र नियम झाले. शिवाय ज्या शेतांवर ही द्राक्षे पिकत, ती दीर्घकाळ अर्धेलीने कसली जात. निम्मे पीक जमीनमालकाचे, निम्मे कसणाऱ्याचे. अशा नव्या करारांवर इटलीत १९६४ मध्ये बंदी आली. तोवर नावाचा मान सरदार-जमीनदारांच्या वाड्यांकडे होता. मूळस्थानाचे संरक्षण म्हणजे आपोआप श्रमिकाचे संरक्षण, असे समीकरण मांडणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तरीही एक बाब निर्विवाद राहते : सुमारे तीनशे वर्षे टस्कनीतील कायदा त्या पेयाला त्या प्रदेशापासून वेगळे होऊ न देण्यासाठी झटत आला.

दोन तालुके आणि एक झाड

कर्जत तालुक्यातून उल्हास आणि खालापूर तालुक्यातून पाताळगंगा वाहते. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, मधोमध माथेरानचा डोंगर, सखल भागात भातखाचरे आणि डोंगरउतारांवर ठाकर व कातकरी यांच्या वाड्या असे या प्रदेशाचे सर्वसाधारण रूप आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये कर्जतचे वर्णन खालापूर पेट्यासह ठाणे जिल्ह्याचा भाग म्हणून आले आहे; पुढे हा भाग कुलाबा जिल्ह्यात गेला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. प्रशासकीय हद्दी अशा बदलत राहिल्या, तरी पुढे ज्या कायद्याची चर्चा करावयाची आहे तो ठाणे व कुलाबा या दोन्ही जिल्ह्यांना लागू असल्यामुळे या बदलाने मोहाच्या नशिबात काही फरक पडला नाही.

मोहाचे झाड फाल्गुन-चैत्रात पाने गाळते आणि फुलते. त्याची मांसल, फिकट पिवळसर फुले रात्री व पहाटे गळतात. दिवस वर येण्यापूर्वी ती वेचावी लागतात. फुलांत साखरेचे प्रमाण मोठे असते. ती वाळवून ठेवली तर पुष्कळ महिने टिकतात. भाजून, उकडून, धान्यात मिसळून ती खाल्ली जात. चैत्र ते आषाढ हा आदिवासी कुटुंबांच्या उपासमारीचा काळ, त्या काळात कणगीत धान्य नसले तरी मोहफुले असत. गुरांनाही ती घालीत. बियांचे तेल निघे. दारू हा या झाडाच्या अनेक उपयोगांपैकी एक उपयोग होता. वाळलेली फुले पाण्यात भिजवून आंबविणे, मडक्यात उकळणे, वाफ नळीवाटे थंड मडक्यात नेऊन थेंब थेंब गोळा करणे, ही कृती घरगुती होती आणि तिला लागणारी सर्व साधने वाडीतच मिळत. देवाला धार सोडण्यापासून लग्न व मर्तिकापर्यंत प्रत्येक प्रसंगी तिचे ठरलेले स्थान होते.

कियांतीच्या संदर्भात ज्याला मूळस्थानाशी असलेले नाते म्हटले जाते, त्याचे सर्व घटक येथे हजर होते. विशिष्ट भूप्रदेश होता, तेथे आपोआप वाढणारी वनस्पती होती, पिढीजात कौशल्य होते आणि त्या कौशल्याचा वारसा सांगणारा समाज होता. उणीव होती ती फर्मान काढणाऱ्या राजाची. आणि फर्मान निघाले तेव्हा ते उलट्या दिशेने निघाले.

१८७८ ते १८९२

१८७८ हे वर्ष या परिसराच्या इतिहासात जितके महत्त्वाचे आहे, तितके ते आपल्या पाठ्यपुस्तकांत दिसत नाही. त्या एकाच वर्षी भारतीय वन कायदा आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा असे दोन कायदे झाले. पहिल्याने जंगल राखीव करण्याचा अधिकार सरकारला दिला; खैराच्या झाडापासून काथ काढणे, ज्यावरून कातकरी हे नाव पडले असे मानले जाते, तो धंदा या नव्या व्यवस्थेत आक्रसत गेला. दुसऱ्याने मादक पेयांच्या उत्पादनावर सरकारचे नियंत्रण कडक केले. तत्पूर्वीही दारूवर कर होताच, पण गावोगावच्या लहान भट्ट्या चालू होत्या. आता मोठ्या, मध्यवर्ती भट्ट्यांवरच दारू गाळावी, तेथे तिचे माप व तीव्रता तपासून कर आकारावा आणि मक्तेदारांच्या दुकानांतून ती विकावी, असे धोरण आखण्यात आले. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांचे नाव या धोरणाशी निगडित आहे. घरी गाळलेल्या दारूवर कर बसविणे अशक्य होते; म्हणून घरी गाळणे हाच गुन्हा ठरला.

तरीही एक अडचण उरली. भट्टी फोडता येते, मडकी जप्त करता येतात. पण झाडाखाली पडलेल्या फुलांचे काय करावयाचे? डोंगराळ मुलुखात चूल कोठेही पेटविता येत होती आणि कच्चा माल दरवर्षी आकाशातून पडावा तसा पडत होता. या अडचणीवरचे उत्तर म्हणजे १८९२ चा कायदा, जो इंग्रजी कागदपत्रांत 'म्हौरा ॲक्ट' या नावाने ओळखला जातो. ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहफुलांची ने-आण, विक्री व साठा यांवर त्याने निर्बंध आणले. दारूऐवजी फूलच आता कायद्याचा विषय बनले. जे उन्हाळ्यातील अन्न होते, तेच पोलिसी झडतीत सापडणारा पुरावाही झाले.

टस्कनीचे १७१६ चे फर्मान आणि मुंबई सरकारचा १८९२ चा कायदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले असता एक विलक्षण साम्य आढळते. दोन्हींत प्रदेशाची नावे आहेत, दोन्हींत विशिष्ट पेयाचा कच्चा माल व त्याची हालचाल यांवर नियंत्रण आहे आणि दोन्हींच्या मुळाशी राज्याचे अर्थकारण आहे. फरक दिशेचा आहे. टस्कनीत हद्दीबाहेरचा माल चोरटा ठरला. येथे हद्दीच्या आतील, स्वतःच्या अंगणातील माल चोरटा ठरला.

उरणची दारू

मग या परिसरातील लोक कोणती दारू पीत? याचे उत्तर आजच्या रायगड जिल्ह्यातील उरण या बंदराच्या गावी मिळते. एकोणिसाव्या शतकात उरण हे मोहाची दारू गाळण्याचे मोठे केंद्र होते. तेथील भट्ट्या मुख्यतः पारशी मालकांच्या होत्या आणि मुंबई शहराला तेथूनच पुरवठा होत असे. या भट्ट्यांना लागणारी फुले मात्र कर्जतच्या डोंगरातून न येता गुजरातेतील पंचमहालासारख्या दूरच्या भागातून येत. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचलेला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून गेलेला लोहमार्ग, तसेच किनाऱ्यावरील जलवाहतूक यांमुळे माल शेकडो मैल हलविणे सोपे झाले होते. परमुलखातील फूल, बंदरावरील भट्टी, मक्तेदाराचे दुकान आणि रोख पैसे, अशी ही नवी साखळी होती. पेय मोहाचेच राहिले. पण ते कोठलेही नव्हते.

वाडीतील माणसाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ साधा होता. जी वस्तू श्रमाने मिळत होती, ती आता पैशाने घ्यावी लागली. पैसा नसला की उधारी आली आणि उधारीपाठोपाठ जमीन गेली. ठाणे जिल्ह्याविषयी इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी आणि दक्षिण गुजरातविषयी डेव्हिड हार्डिमन यांनी केलेल्या अभ्यासांतून दारूचा मक्ता, सावकारी व जमिनीचे हस्तांतर यांचे परस्परसंबंध पुढे आले आहेत. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या खालोखाल अबकारीचे उत्पन्न महत्त्वाचे ठरत गेले, हे लक्षात घेता या धोरणात आदिवासींच्या आरोग्याचा विचार किती होता, हे निराळे सांगावयास नको.

गॅझेटिअरकारांनी कातकऱ्यांचे वर्णन करताना त्यांच्या पिण्याचा आणि चोरट्या वृत्तीचा उल्लेख केला आहे. ज्या शासनाने घरगुती दारू गुन्हा ठरविली, त्याच शासनाचे अधिकारी गुन्हेगारीची नोंद करीत होते, हे विसरून या नोंदी आजही आपल्या काही प्रबंधांत जशाच्या तशा उतरविल्या जातात. हे खेदजनक आहे.

दारूबंदीचे पर्व

दारूविरोधाची आपली परंपराही तितकीच खरी आहे. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० मध्ये, वाढत्या गुत्त्यांना विरोध केला होता. १९२२-२३ मध्ये पालघरच्या किनारपट्टीकडून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवीच्या चळवळीत आदिवासींनी स्वतःहून दारू सोडली आणि पारशी मक्तेदारांवर बहिष्कार टाकला. ही घटना विशेष बोलकी आहे. दारू सोडणे हा त्यांच्यासाठी मक्तेदाराच्या पकडीतून सुटण्याचा मार्ग होता. वाडीतील दारू आणि दुकानातील दारू यांतील भेद त्यांना चांगला ठाऊक होता. तो कायद्याला मात्र कधीच कळला नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला आणि १९५० मध्ये राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. वसाहतकालीन कायद्याचा हेतू महसूल होता, नव्या कायद्याचा हेतू सुधारणा होता. परंतु मोहफुले नियंत्रणाचा स्वतंत्र विषय म्हणून तशीच पुढे चालू राहिली. १९६० च्या दशकात बंदी सैल होऊ लागली आणि कालांतराने परवानाप्राप्त देशी दारूची दुकाने उघडली. या देशी दारूचा आधार साखर कारखान्यांची मळी हा होता. म्हणजे पंचमहालच्या फुलांची जागा पश्चिम महाराष्ट्रातील उसाने घेतली. दुसरीकडे चोरट्या हातभट्टीवरही काळा गूळ व नवसागर आले. आज 'गावठी' म्हणून जे ओळखले जाते त्यात गावाचे असे बहुधा काहीच नसते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, तेव्हा पारंपरिक दारू आणि रासायनिक मिश्रण यांतील अंतर सर्वांच्या नजरेस आले. चर्चा मात्र 'गावठी दारू' या एकाच शब्दाभोवती फिरत राहिली.

नोंदणीचे युग

भारताचा भौगोलिक निर्देशन कायदा १९९९ मध्ये झाला व सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्यामागे जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदाविषयक करार होता. या करारात सर्वांत कडक संरक्षण वाइन व ऊर्ध्वपातित मद्ये यांना दिलेले आहे. युरोपीय राष्ट्रांच्या आग्रहाची ती खूण होय. तेच संरक्षण चहा, तांदूळ यांसारख्या वस्तूंनाही मिळावे, अशी भूमिका भारताने दोहा परिषदेच्या सुमारास घेतली. ती योग्यच होती. पण आपल्याजवळही संरक्षण देण्याजोगी मद्ये आहेत, हा विचार पुढे यावयास काही काळ जावा लागला.

२००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला नोंदणी मिळाली. काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते आणले. तरीही फेणी गोव्याची ठरली आणि ते यथार्थ आहे, कारण मूळस्थान म्हणजे वनस्पतीचे जन्मस्थान नव्हे, तर माणसांनी तिच्याशी जुळविलेले नाते होय. गोव्यात लहान भट्ट्या परवान्याच्या चौकटीत टिकून राहिल्या, म्हणून नोंदणीच्या वेळी दाखविण्यासारखे उत्पादक आणि अखंड परंपरा होती. महाराष्ट्रात शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून वाइनला करसवलती दिल्या आणि त्यानंतर दहा-एक वर्षांतच 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाची नोंदणी झाली. नाशिकच्या शेतकऱ्यांचे व उद्योजकांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. पण फ्रेंच जातींच्या द्राक्षांपासून होणाऱ्या आणि दोन-तीन दशकांचाच इतिहास असलेल्या पेयाला जे नाव मिळाले, ते शतकानुशतकांच्या मोहाला मिळाले नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवादही ऐकू आला. तो निर्णय विरोधामुळे अमलात आला नाही. युक्तिवाद मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्यासारखा आहे.

नोंदणीसाठी मूळस्थानाचा ऐतिहासिक पुरावा सादर करावा लागतो. रायगड जिल्ह्यातीलच अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले, त्या वेळी १८८३ च्या गॅझेटिअरमधील उल्लेखाचा दाखला देण्यात आला. मोहाच्या दारूचेही उल्लेख याच गॅझेटिअरमालेत, अबकारी अहवालांत आणि खटल्यांच्या कागदांत विपुल आहेत. पण कांद्याची नोंद लौकिकाची आहे आणि मोहाची नोंद गुन्ह्याची आहे. शिवाय ज्या निर्देशनाचा वापर प्रचलित कायद्याच्या विरुद्ध ठरेल त्याची नोंदणी होऊ शकत नाही, अशी तरतूद १९९९ च्या कायद्यात आहे. ती तरतूद गैर नाही. मात्र प्रचलित कायदा स्वतः कोणत्या इतिहासातून आला, हे विचारण्याची सोय तिच्यात नाही.

आजची स्थिती

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने आदिवासींना मोहफुले गोळा करणे, साठविणे व त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध उठविले. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे धोरण पुढे आणले आणि आदिवासी बचतगटांकडून तिचे उत्पादन सुरू करण्याचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्राचा निर्णय फुलापुरता आहे. त्यातून लाडू, सरबत, मुरंबा असे पदार्थ तयार करण्याचे प्रयोग विदर्भाच्या मोहबहुल जिल्ह्यांना अधिक सोयीचे आहेत. कर्जत-खालापूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. या तालुक्यांत ठाकर व कातकरी यांची वस्ती लक्षणीय असली, तरी रायगड जिल्ह्यातील कोणताही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे मादक पदार्थांचे नियमन आणि गौण वनोपजाची मालकी यांबाबत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभांना दिलेले अधिकार शेजारच्या ठाणे व पुणे जिल्ह्यांतील अनुसूचित गावांना आहेत, येथील वाड्यांना नाहीत. १८९२ मध्ये फूल जप्त करताना ठाणे व कुलाबा हे जिल्हे एकाच हद्दीत धरले गेले. अधिकार देताना मात्र त्यांच्यामध्ये रेषा पडली. वनहक्क कायदा २००६ हाच तूर्त येथील आधार आहे, आणि त्यातील सामूहिक दाव्यांत मोहाच्या झाडांची नोंद वाडीवार करून घेणे शक्य आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी यात हातभार लावण्यास वाव आहे. वृद्ध स्त्रियांकडून फुले वेचण्याच्या जागा, झाडांची वाटणी आणि घरगुती वापराची माहिती मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदविली, तर गुन्ह्याच्या कागदांशिवायचा एक पुरावा प्रथमच तयार होईल.

कर्जत-नेरळ परिसरात आता फार्महाऊस व रिसॉर्ट यांची दाटी झाली आहे. तेथील भोजनपट्टिकेवर इटालियन वाइनचे नाव दिसले तर कोणाला नवल वाटत नाही. कियांतीच्या बाटलीच्या गळ्याशी एक क्रमांकित शासकीय पट्टी असते. ती मूळस्थानाची हमी देते. आपल्याकडील देशी दारूच्या बाटलीच्या बुचावरही शासकीय पट्टी असते. ती कर भरल्याची हमी देते. रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे, चैत्रातल्या पहाटे, मोहाखाली फुले अजूनही पडतात. पुष्कळ ठिकाणी ती जमीन आता दुसऱ्याच्या नावावर आहे.